एकोणिसावा फर्मा

"हा आमचा नाही," तो म्हणाला, आणि घोडा काउंटरवरून परत सरकवून त्यानं हात झटकले. भुसा असो नसो, बोलणं संपलं की हात झटकायची त्याला सवयच होती. पण समोरच्या बाईचं बोलणं संपलं नव्हतं. तिशी ओलांडलेली, खांद्याला कापडी पिशवी, घोडा जुन्या टॉवेलात गुंडाळून आणलेला, एक चाक निखळून हातात. "तुमचाच आहे, काका," ती म्हणाली. "मी दोन वर्षांची असताना बाबांनी घेऊन दिला होता. याच दुकानातून. तेव्हा दाराशी लाकडी पायऱ्या होत्या म्हणे." दाराशी तेव्हा लाकडी पायऱ्या होत्या हे खरं. पण कुणाला पायऱ्या आठवल्या म्हणून घोडा आपला होत नाही. त्यानं तिला सबुरीनं समजावलं, की गेली एकतीस वर्षं तो हा एकच घोडा करतो आहे, एकाच आकाराचा, आणि डोळे बांधले तरी तो त्याला ओळखता येईल. हिच्या हातातली ही कुणीतरी केलेली नक्कल आहे. बाजारात असल्या नकला चिक्कार. "मान बघा याची. आमच्या घोड्याची मान अशी नसते," असं म्हणत त्यानं मागच्या फळीवरचा एक नवाकोरा घोडा काढला, आणि तिची एकदाची खात्री पटावी म्हणून दोघांना शेजारी शेजारी उभं केलं.

"तेच तर म्हणतेय मी," बाई म्हणाली. "राग मानू नका हं. आम्ही दोघी बहिणी आणि घोडा एक. आई गेली, घर आवरलं, भांडीकुंडी, कपाटं सगळं हसत वाटून घेतलं आणि घोड्यापाशी येऊन अडलो. तीन महिने धड बोलत नाही एकमेकींशी. म्हणून मागच्या महिन्यात इथूनच एक नवा नेला आणि तिला पाठवला. तिनं परत पाठवला. म्हणाली, हा घोडा नाही, वापरून वापरून उरलेली साबणाची वडी आहे." यावर तो हसला सुद्धा. कारागिरीतलं काही न कळणाऱ्या माणसांवर हसायचं असतं तितपतच. मग नकलेवर कुठल्या कारखान्याची खूण आहे ते बघावं म्हणून त्यानं जुना घोडा उचलून आडवा केला, आणि त्याच्या बरगडीवर, एक खांद्यापाशी आणि एक पुठ्ठ्यापाशी, मुगाएवढे दोन काळपट ठिपके त्याला दिसले. "ते त्याचे तीळ," बाई म्हणाली. "लहानपणी आम्ही दोघी एकेक तीळ धरून झोपायचो."

ते तीळ नव्हते. ती खिळ्यांची भोकं होती. एकतीस वर्षांपूर्वी एका दुपारी पहिला फर्मा काढताना घोडा प्लायवुडवर हलू नये म्हणून त्यानं स्वतः त्यात दोन बारीक खिळे ठोकले होते, भोवतीनं पेन्सिल फिरवली होती, खिळे उपसले होते, आणि भोकांत सरस कालवलेला भुसा भरून वरून अंगठ्यानं दाबला होता. जगात असे दोन ठिपके असलेला एकच घोडा होता. त्या घोड्यापासून फर्मा झाला, फर्म्यापासून बाकी सगळे झाले. आणि काम झाल्यावर, काही वाया घालवायचं नाही म्हणून, त्यालाही चाकं लावून त्यानं तो इतरांबरोबर विकून टाकला होता. तोच हा. समोर उभा होता, आणि त्याला तो म्हणाला होता, नक्कल. मागच्या खोलीत लाकूड कापायचं स्पिंडल मशीन चालूच होतं, पण त्याचा आवाज एकदम कुठल्या तरी दुसऱ्या गल्लीतून येऊ लागला. तोंडात लाकडाची कोरडी चव पसरली. आपण उभे आहोत की बसलोय हे क्षणभर त्याला कळेना, म्हणून त्यानं काउंटरची कड धरली, आणि मग लक्षात आलं की कड धरलेला हात उजवा आहे आणि डावा हात अजून घोड्यालाच धरून आहे, अंगठा त्याच्या जबड्याखालच्या खळग्यात. त्यानं तो घाईनं काढून घेतला. "काका, बरं वाटत नाही का?" बाईनं विचारलं. "चाक बसवून ठेवतो," तो म्हणाला. "परवा या." "आणि याचा जोड? अगदी असाच?" "परवा या," तो पुन्हा म्हणाला, आणि ती पायऱ्या उतरून जाईपर्यंत त्यानं हात झटकले नाहीत.

त्याला सगळे मिलीमीटर म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरंच वाटे. सदऱ्याच्या वरच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथं त्याच्याकडे पितळी व्हर्नियर, बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, असे. लाकडाच्या कारखान्यात, भुश्यात, हवा पावसाळी की कोरडी यावर फळ्या फुगतात-आकसतात अशा धंद्यात हा माणूस मिलीमीटर मोजतो, म्हणून हसायचे लोक. त्यानं आता तोच व्हर्नियर काढला. त्याच्याकडे संकटाच्या वेळी करायला एवढी एकच गोष्ट होती. छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत लांबी. पाठीपर्यंत उंची. दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर. जुन्याची मापं घेतली, नव्याची घेतली, पुन्हा जुन्याची घेतली. तिन्ही मापं जुळत होती. केसाचाही फरक नव्हता. आणि दोन घोडे एकमेकांकडे परक्यासारखे बघत उभे होते. जुन्याचं डोकं किंचित खाली आणि किंचित वळलेलं, मागून कुणीतरी हाक मारली आहे आणि आता तो वळणार आहे असं. कान दोन, वेगवेगळे, एक पुढे. ओठांशी एवढीशी खाच. जबड्याखाली खोल खळगा, त्यामुळे मान जिवंत वाटायची. नव्याची मान सरळ. कानांचा मिळून एक उंचवटा. खाच बुजलेली, खळगा भरून आलेला, नाक गोल. साबणाची वडी. बाईच्या बहिणीनं काही चुकीचं म्हटलं नव्हतं. त्याला आता कळत होतं की त्यानं एकतीस वर्षं जी तीन ठिकाणं मोजली ती तेवढी राहिली होती, आणि जे मोजता येत नव्हतं ते सगळं गेलं होतं.

कसं गेलं तेही त्याला लगेच कळलं, आणि ते कळणं जास्त वाईट होतं. फर्मा म्हणजे काय, प्लायवुडचा एक कापलेला आकार. तो फळीवर बसवायचा, मशीनचं बेअरिंग फर्म्याच्या कडेनं फिरतं आणि वरचं कटर लाकूड तसंच्या तसं कापत जातं. हजारदोन हजार घोडे झाले की बेअरिंगच्या दाबानं फर्म्याची कड झिजते. मग जुन्या फर्म्यावरून नवा काढायचा. काढण्याआधी झिजलेली कड जरा सारखी करून घ्यायची, एक हात पॉलिश पेपर मारायचा. एवढंच. पण प्रत्येक वेळी टोकावरचा कागदभर भाग जाणार, आणि प्रत्येक खाचेत कटर शिरेल तेवढंच शिरणार, म्हणजे खाच कागदभर बुजणार. तिन्ही मापं तो तपासून घेई, कुठं कमी भरलं तर पट्टी चिकटवून वाढवून घेई, आणि नवा फर्मा जुन्यावर ठेवून उजेडाकडे धरून बघे. प्रत्येक वेळी जुळे. अठरा वेळा जुळलं होतं. आणि जुळलं की त्याच दिवशी जुना फर्मा शेगडीत, कारण दोन फर्मे भिंतीवर असले की कुणीतरी चुकून भलताच उचलतो. हा नियम त्याचाच. कारखान्यात येणाऱ्याजाणाऱ्याला तो अभिमानानं सांगायचा, आमच्याकडे एका मालाला एकच फर्मा. म्हणजे साक्षीदार एकेक करून त्यानंच जाळले होते, शेगडीवर हात शेकत. भिंतीवर एका खिळ्याला एकोणिसावा फर्मा लटकत होता. त्यानं त्याच्याकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली.

दादाच्या हातात कारखाना होता तेव्हा भिंतीवर एकही फर्मा नव्हता. थोरला भाऊ फळीवर पेन्सिलीनं घोडा काढायचा, न मोजता, बोलता बोलता. मग पट्टीकरवतीवर कापायचा आणि पुढचं सगळं कानशीनं. एक घोडा चिडका निघे, एक आळशी, एक उगाचच आनंदी. गिऱ्हाईक अर्धा अर्धा तास निवडत बसे आणि दादाला त्यात मजा वाटे. "बघ, तिनं रुसका उचलला. तिच्या घरात कुणी रुसकं असणार," असं काहीतरी सांगायचा. हा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून कानस चालवायचा आणि जळायचा. त्याच्या हातून काही धड होत नाही असं त्याचं ठाम मत होतं. अर्धवट झालेले नग तो सरपणाच्या पेटीत फेकून द्यायचा, कुणी बघायच्या आत. दादाच्या हाताला कला होती. आपल्याला निदान शिस्त तरी असावी असं त्यानं ठरवून टाकलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. मग कुणाच्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातून स्पिंडल मशीन आणलं. दादा त्याच्या आवाजालाच भ्यायचा. हा शिकला. तेसुद्धा सोपं गेलं नाही, कारण हा डावखुरा, आणि मशीनची सगळी रचना उजव्या हाताची. डावा हात पुढे यायचा तो थेट कटरकडे. सहा महिने त्यानं डाव्या हाताची बोटं कमरेच्या पट्ट्यात खोचून काम केलं. शेवटी डावा हात मागे राहायला शिकला, इतका शिकला की जेवताना, लिहिताना, दार उघडताना, कुठंच पुढे येईनासा झाला. लोक विसरले. तोही विसरला.

मग तो दिवस. बाकावर खिडकीच्या उजेडात बारा घोडे रांगेत उभे होते, आणि तो दादाला म्हणाला, यातला एक निवड, सगळ्यात चांगला, त्याचा फर्मा काढू. यापुढे सगळे तसेच निघतील. दादा म्हणाला, तूच निवड. त्यानं सबंध सकाळ घातली. बाराही घोडे हातात घेऊन बघितले, खाली ठेवले, लांब जाऊन बघितले. आणि शेवटी तो डोकं वळवलेला, ऐकतोय असं वाटणारा घोडा उचलून म्हणाला, "हा. हा तुझा सगळ्यात चांगला, दादा. आता याच्यात केसाचाही फरक होणार नाही. आता हाताची गरजच नाही." दादा हसायला लागला. साधं नाही, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, भुश्याच्या पोत्यावर बसकण मारून. हा हातात घोडा घेऊन उभा, कानशिलं तापलेली. महिन्याभरात दादानं कारखाना सोडला. भांडण असं झालंच नाही. दारं-खिडक्या करणाऱ्याकडे कामाला लागतो म्हणाला आणि लागला. पुढची एकतीस वर्षं तो हसण्याचा आवाज याच्या कानात राहिला. त्या हसण्याला उत्तर म्हणूनच त्यानं घोडा जपला. दोघे वर्षातून दोनदा भेटत, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, हवापाण्याचं बोलत, आणि उठताना दादा न चुकता विचारी, "घोडा कसा आहे?" आणि हा न चुकता सांगे, "आहे तसाच. केसाचाही फरक नाही." दादाचे डोळे काचबिंदूनं गेले त्यालाही आता सहा वर्षं झाली. त्यानंतरही तो तोंड वर करून विचारायचा, आणि हा तेच सांगायचा, जरा मोठ्यानं, दादाचे कानच गेल्यासारखं. म्हणजे आंधळ्या माणसाशी आपण सहा वर्षं खोटं बोललो. डोळस होता तेव्हाही खोटंच बोललो. मनात खोट नसताना माणूस एवढं खोटं बोलू शकतो या गोष्टीनंच तो सुन्न झाला.

त्यानं मशीन बंद केलं. दिवसाढवळ्या मशीन बंद झालं तशी रंगाच्या खोलीतून मावशी डोकावल्या. चोवीस वर्षं त्या घोड्यांचे डोळे रंगवत होत्या. "वीज गेली का, मालक?" मग त्यांची नजर काउंटरवरच्या जुन्या घोड्याकडे गेली, आणि ओले हात पदराला पुसत त्या जवळ आल्या. "अगंबाई. हा होय," त्या म्हणाल्या. "मी लागले ना कामाला, तेव्हा जवळपास असाच होता." "तुम्हाला दिसत होतं?" त्यानं विचारलं. आवाज चढलाच त्याचा. "दिसणार नाही तर काय? डोळा काढायचा म्हणजे जागा शोधावी लागते. आधी डोळा कानाखाली दोन बोटं काढायचे. मग दर फर्म्याला थोडा थोडा पुढे सरकवत आले, नाहीतर तो तिरळा दिसायचा. आता तर जवळजवळ नाकावर काढते." "मग बोलला का नाहीत?" मावशींनी त्याच्याकडे बघितलं, त्यात राग नव्हता. "बोलले होते. सातव्या का आठव्या वर्षी. तुम्ही ती खिशातली पट्टी काढलीत, तीन ठिकाणी लावलीत आणि म्हणालात, मावशी, फर्मा चुकत नाही, तुमचा चष्मा बदला." त्यांनी पदरानं चष्म्याची काच पुसली. "बदलला मी चष्मा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्याला ते आठवत नव्हतं, आणि त्यांनी बदललेला चष्मा तर रोज समोर दिसत होता.

दोन्ही घोडे त्याच टॉवेलात गुंडाळून तो बाहेर पडला. दुपारची चारची वेळ, रस्त्यावर उन्हं आणि शाळा सुटलेली मुलं. दादाचं घर चालत वीस मिनिटांवर होतं, आणि ही वीस मिनिटं त्यानं एकतीस वर्षांत किती थोड्या वेळा चालली होती. प्रत्येक दुकानाच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि तो कधी असा झाला हे त्याला सांगता आलं नसतं. रोज सकाळी दाढी करताना तो कालच्याशी जुळत होता. एका दाराशी कुणाची तरी लहान पोर दोरीनं लाकडी काहीतरी ओढत चालली होती. चाकांच्या आवाजावरूनच त्याला कळलं, आपलाच माल. पोर मागे वळून त्या घोड्याला म्हणत होती, "चल रे भू भू." एरवी त्यानं थांबून दुरुस्ती केली असती, की बाळा हा घोडा. आज तो खाली मान घालून रस्ता ओलांडून गेला. दादाला काय सांगायचं याची जुळवाजुळव मनात चालली होती आणि एकही वाक्य पुरं होत नव्हतं. तुझा एक घोडा सांभाळायचा होता, तेवढंच माझं काम होतं, आणि तेही मी. तेही माझ्याच्यानं. अठरा वेळा माझ्या हातून. मध्येच एक नीच विचार येऊन गेला, की सांगितलंच पाहिजे असं कुठं आहे, त्याला दिसत नाही. तो विचार आपल्याला सुचला याचीच त्याला इतकी शरम वाटली की तो भर रस्त्यात थांबला आणि मागून येणारा सायकलवाला त्याच्यावर खेकसला.

दार वहिनींनी उघडलं. "या, मिलीमीटर! ना कुणाचं लग्न, ना कुणी आजारी, आज कुठं वाट चुकलात?" मग त्याचा चेहरा बघून त्यांनी थट्टा आवरती घेतली, आणि चहा टाकते म्हणत आत गेल्या. दादा खिडकीशी खुर्चीत होता. सत्तरीला टेकलेला, हाडं दिसू लागलेली, पण हात तेच, रुंद. "चपला सरळ ठेवल्यास दाराशी, म्हणजे तूच," तो म्हणाला. "बस. घोडा कसा आहे?" दरवेळी उठताना विचारायचा, आज आल्याआल्याच विचारलं. उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं, एकतीस वर्षांचं घासलेलं. ते गिळून तो म्हणाला, "दादा, घोडा गेला." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. बाई, दोन बहिणी, साबणाची वडी, खिळ्यांची भोकं, पॉलिश पेपर, शेगडी, मावशींचा चष्मा, दाराशी भू भू म्हणणारी पोर, काही लपवलं नाही. सांगून झालं तसा तो थांबला. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला होता, म्हणजे वहिनीही ऐकत होत्या. "नवा आणलायस बरोबर?" दादानं विचारलं. त्यानं नवा घोडा त्याच्या हातात दिला. दादाची बोटं त्याच्यावरून फिरली, पाठीवरून मानेवर, मानेवरून नाकावर, फार लवकर फिरून झाली. त्यांना थांबायला कुठं जागाच नव्हती. "गुळगुळीत आहे छान," दादा म्हणाला. "चाकंही हलकी फिरतात." एवढं मायेनं बोलायला नको होतं त्यानं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यानं जुना घोडा दिला. दादा आधी नुसता तो तोलून बघत बसला. मग बोटं कानांवर गेली, पुढच्या कानाला स्पर्श करून मागच्यावर. ओठांच्या खाचेत नख गेलं. तिथून जबड्याखाली उतरली आणि त्या खोल खळग्यात येऊन थांबली. बराच वेळ थांबली. आणि दादा हसायला लागला. तेच हसू. पोट हलायला लागलं, बंद डोळ्यांतून पाणी आलं, आणि समोर बसलेल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची कानशिलं बावीस वर्षांच्या पोरासारखी तापली. "हस," तो म्हणाला. "हसायचा हक्कच आहे तुझा. तुझा घोडा मी घालवला." "माझा?" दादा म्हणाला. हसू थांबवायला त्याला वेळ लागला. "अरे, हा माझा कुठंय? हा तुझा आहे."

"अकरा माझे होते," दादा सांगू लागला. "बारावा मला सरपणाच्या पेटीत सापडला. तू फेकलेला. जबड्याखाली कानस घसरलीय तुझी, हे बघ, इथं. घसरली म्हणून तू फेकलास, आणि त्या घसरण्यानंच त्यानं मान वळवलीय. मी नुसता घासून पुसून रांगेत ठेवला. म्हटलं, बघू या, ओळखतोय का. तू सबंध सकाळ बघत बसलास आणि नेमका तोच उचललास, आणि मला म्हणालास, हा तुझा सगळ्यात चांगला." "मग सांगितलं का नाहीस?" हे त्यानं विचारलं, पण आवाज ओळखीचा नव्हता. "काय सांगणार? सांगितलं असतं तर तू तो निवडला नसतास. लगेच पेटीत परत टाकला असतास. आनंद झाला होता मला, वेड्या. हसू आवरेना. म्हटलं, आता संध्याकाळी सांगीन, उद्या सांगीन. आणि त्याच दमात तू म्हणालास, आता हाताची गरज नाही." दादानं घोडा मांडीवर ठेवला. "तुला तुझाच हात नको होता. मग म्हटलं, माझा घेऊन मी तिथं काय करू?"

याला ते खोटं वाटावं अशी फार इच्छा झाली. दादा दयाळू होता, आणि दयाळू माणसं म्हातारपणी वाटेल ते रचून सांगतात. "कशावरून पण?" तो म्हणाला. "तुला दिसत तर नाही." "दिसायला कशाला पाहिजे? माझा अंगठा त्या खळग्यात बसत नाही. उलट्या बाजूनं कोरलाय तो. डाव्या हातानं." दादानं घोडा त्याच्या दिशेला, जरा चुकून खिडकीकडे, पुढं केला. त्यानं तो उजव्या हातात घेतला. उजवा अंगठा जबड्याखाली नेला. तो कडेवर अडला, आत जाईना. दुकानात मघाशी काउंटरची कड धरताना डावा हात कुठं होता ते त्याला आठवलं. "त्या बाईला जोड हवाय म्हणतोस ना?" दादा म्हणत होता. "दोघी बहिणी बोलायला लागतील. करून दे." "मला हातानं येत नाही, दादा." "येत होतं," दादा म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता.

वहिनींनी चहाचे कप आणून ठेवले. त्यानं घोडा डाव्या हातात घेतला. अंगठा न शोधता खळग्यात गेला आणि तळापर्यंत बसला, कडेला कुठं जागा उरली नाही; अंगठा आता जाड झाला होता, नखावर म्हातारपणाच्या रेघा होत्या, तरीही. किती हजार घोडे, तो मनाशी मोजायला गेला आणि आकडा सापडेना. त्या सगळ्यांत, एकोणीस फर्म्यांच्या तळाशी, त्याला स्वतःला नको असलेला हा हात होता, आणि तोच त्यानं एकतीस वर्षं कागदभर कागदभर घासून काढला होता, दादाचा म्हणून जपता जपता. रडू येईल असं त्याला वाटलं, पण आलं नाही. दादा हातानं चाचपत कप शोधून चहा प्यायला, त्याचा पिऊन संपलाही. "घे ना, गार होतोय," वहिनी म्हणाल्या. त्यानं हो म्हटलं. डावा हात घोड्यात गुंतला होता, आणि उजव्या हातानं कप उचलायचं त्याला सुचलं नाही.